किल्ली कनवटीला, दार उघडे

एखाद्या कचेरीत कोणाला काय करण्याचा अधिकार आहे, हे पूर्वी आदेशाने ठरत असे. आदेश टंकलिखित असे, त्याला जावक क्रमांक असे, खाली कोणाची तरी सही असे आणि ज्याच्याबद्दल तो आदेश निघाला त्याला त्याची प्रत मिळत असे. आता हाच अधिकार संगणकाच्या पडद्यावरल्या एका चिमुकल्या चौकोनात बरोबरची खूण करून दिला जातो आणि खूण पुसून काढून घेतला जातो. खूण कोणी केली, कोणाच्या सांगण्यावरून केली, कधी पुसली, हे विचारायला जावे तर बहुतेक ठिकाणी कोणालाच सांगता येत नाही. मी कचेऱ्यांतल्या ई-मेलबद्दल बोलतो आहे. हा विषय तंत्रज्ञांचा म्हणून आपण त्यांच्या अंगावर टाकून मोकळे झालो, आणि सारी गफलत तिथेच आहे.

मेल सर्व्हर म्हणजे संस्थेचे स्वतःचे टपालघर. नाव आणि पासवर्ड घालून ब्राउझरमध्ये आपण जी पेटी उघडतो ती या टपालघराची खिडकी. तिला वेबमेल म्हणतात. या खिडकीतून पत्र वाचता-लिहिता येते हे झालेच. त्याखेरीज फाईल जोडता येते, आलेली फाईल उघडता येते, येणारे प्रत्येक पत्र आपोआप दुसऱ्या पत्त्यावर रवाना करता येते, ठरावीक माणसाची पत्रे न वाचता एका कप्प्यात ढकलता येतात किंवा नष्ट करता येतात, संस्थेतल्या सर्वांच्या पत्त्यांची यादी पाहता येते, सगळ्यांना एकदम पत्र धाडता येते, आपली पेटी सहकाऱ्याला दाखवता येते, बाहेरची खासगी पेटी इथे आणून जोडता येते, हेच टपाल मोबाईलवर उतरवून घेता येते. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात; मेलपेटीला त्याहून फार कमी नसावेत. आणि यातला जवळजवळ प्रत्येक रस्ता माणसागणिक उघडता किंवा बंद करता येतो.

झिम्ब्रा नावाची एक मेलप्रणाली आहे, आपल्याकडच्या अनेक संस्थांत ती वापरली जाते. तिच्यात यासाठी 'क्लास ऑफ सर्व्हिस' अशी सोय आहे. आपण तिला सेवाश्रेणी म्हणू. रोखपालांची एक श्रेणी, शाखाधिकाऱ्यांची दुसरी, मुख्य कचेरीची तिसरी अशा श्रेणी करायच्या आणि कोणत्या श्रेणीला काय उघडे, काय बंद हे एकदा ठरवून टाकायचे. एखाद्याला श्रेणीपेक्षा वेगळी वागणूक द्यायची तर त्याच्या खात्यापुरती तीही देता येते. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत हेच दुसऱ्या नावाने आहे. झिम्ब्रात नवे खाते उघडताना श्रेणी सांगितली नाही, तर ते 'डिफॉल्ट' श्रेणीत जाऊन बसते. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना मला 'कोणी काही ठरवले नाही म्हणून ठरलेले' याहून नेमके काही सापडले नाही. आपला बराचसा सार्वजनिक कारभार याच श्रेणीत मोडतो.

माझी नोकरी बँकेत झाली, तीही बव्हंशी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाखांत. कादंबऱ्या मी रात्री लिहीत असे. दिवसा किल्ल्या सांभाळत असे. किल्ल्या हा शब्द मी अक्षरशः वापरतो आहे. स्ट्राँगरूमला दोन कुलपे असत. एक किल्ली मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे, आणि दोघे हजर असल्याखेरीज दार उघडत नसे. मॅनेजर रजेवर गेला तर किल्ली ज्याच्या हाती दिली त्याची सही रजिस्टरात तारीख-वेळेसह घेतली जाई. रजेवरून परत आला की पुन्हा तसेच. किल्ल्यांचा दुसरा जोड त्या शाखेत ठेवतच नसत, तो दुसरीकडे सीलबंद ठेवला जाई. चोर आला तर किल्ली मिळू नये, हा हेतू होताच. त्याहून मोठा हेतू असा की, उद्या काही कमी भरले तर त्या वेळी किल्ली कोणाकडे होती यावर वाद होऊ नये.

टीटी म्हणजे तारेने पैसे पाठवणे, हे आजच्या तरुण कर्मचाऱ्यांना आख्यायिका वाटेल. नांदेडच्या व्यापाऱ्याला हैदराबादच्या पेढीला पैसे पाठवायचे असत. शाखेतून तार जाई आणि तारेत एक सांकेतिक आकडा असे. त्या आकड्याचे पुस्तक कुलपात. तारेचा मजकूर कारकुनाने लिहावा, आकडा अधिकाऱ्याने काढावा, आणि समोरच्या शाखेतल्या अधिकाऱ्याने आपल्या पुस्तकावरून तो ताडून पाहावा. आकडा जुळला नाही तर तार खरी असली तरी पैसे अडत. व्यापारी काउंटरवर आरडाओरडा करी, आम्ही त्याला चहा पाजत असू. पण आकडा नसलेल्या तारेवर पैसे दिल्याचे मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिले नाही. आज त्याच शाखेत मुख्य कचेरीच्या नावाने एक ई-मेल येतो, 'तातडीचे' असे वर लिहिलेले असते, आणि ते वाचणारा जागच्या जागी कामाला लागतो.

१९८३ चा कामगार संघटनांशी झालेला करार आणि १९८४ चा रंगराजन समितीचा अहवाल यांनंतर बँकांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. त्या यंत्रांतही हा विचार होता: नोंद करणारा एक, ती मंजूर करणारा दुसरा, आणि ज्याची नोंद त्यानेच मंजूर करायची नाही. पैशाच्या नोंदीबाबत ही शिस्त आमच्या हाडीमाशी इतकी खिळली की तिचा विचार करावा लागत नसे. पुढे पत्रव्यवहार संगणकावर आला तेव्हा मात्र ही शिस्त त्याच्यासोबत आली नाही. पत्र म्हणजे काय, नुसता मजकूर, त्याला कसली किल्ली, असा समज झाला. पैसे हलवण्याचा हुकूम पत्रातूनच जातो हे त्या घाईत लक्षात आले नाही.

ते लक्षात आणून देणाऱ्या घटना पुढे घडल्या. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर फेब्रुवारी २०१६ मध्ये पळवले गेले. त्याची सुरुवात, अमेरिकी तपासयंत्रणेच्या म्हणण्यानुसार, आदल्या वर्षी बँकेतल्या कर्मचाऱ्यांना आलेल्या नोकरीच्या अर्जांपासून झाली. अर्जदाराने नम्रपणे लिहिले होते की माझी माहिती सोबतच्या दुव्यावर आहे. कोणीतरी ती उतरवून घेतली. हे काम ज्याच्याकडे नोकरभरती आहे त्याचे. बाकीच्यांच्या पेटीत अनोळखी पत्त्यावरून आलेली असली फाईल उघडण्याची सोय असण्याचे कारण काय, हा प्रश्न त्यानंतर जगभर विचारला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांच्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बरेचसे परदेशांतल्या एटीएममधून. आणि पुणे-मुंबई फार लांब वाटत असेल त्यांच्यासाठी: जानेवारी २०२१ मध्ये आपल्या नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या, दुसऱ्या बँकेत असलेल्या खात्यातून १४ कोटी ४६ लाख रुपये परस्पर वळवले गेले. प्रत्येक ठिकाणचे भोक वेगळे होते. नांदेडची घटना ई-मेलच्या खाती मांडण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की 'आपल्यासारख्या गावात कोण येतो' हे वाक्य आता वझिराबादेत बसून कोणी उच्चारू नये.

मेलपेटीच्या सोळा रस्त्यांपैकी सर्वांत निरुपद्रवी दिसणारा आणि सर्वांत घातक रस्ता म्हणजे आपोआप पुढे पाठवण्याचा. चोराला एकदा पासवर्ड मिळाला की तो पेटीत बसून राहत नाही. 'ज्या पत्रात बिल, पेमेंट, खाते क्रमांक हे शब्द असतील ते अमुक पत्त्यावर धाडावे' एवढा नियम लावून तो निघून जातो. नंतर तुम्ही पासवर्ड बदलला तरी नियम तिथेच असतो आणि इमानेइतबारे काम करत राहतो. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये याच युक्तीबद्दल इशारा दिला होता: वेबमेलच्या खिडकीतून लावलेला नियम कचेरीतल्या संगणकावरच्या मेलप्रोग्रामात दिसेलच असे नाही, म्हणून व्यवस्थापकांनाही तो दिसत नाही. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने आपल्या सेवेत बाहेरच्या पत्त्यावर आपोआप पाठवण्याची सोय मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. शाखेतल्या कारकुनाला ही सोय कशाला लागते, असे मी स्वतःला विचारतो तेव्हा एकही पटण्याजोगे उत्तर सापडत नाही. बहुतेक मेलपेट्यांत ती उघडी असते, कारण ती बंद करावी असे कोणी ठरवले नाही.

म्हणजे सगळे बंद करून टाकावे का? आपल्याकडे घाबरलेला संचालक हेच करतो, आणि मला खरे बोलायचे आहे ते याबद्दल.

माझी एक भाची लातूरला एका खासगी संस्थेत कर्ज विभागात काम करते. संस्थेत एकदा काहीतरी गडबड झाल्याची कुणकुण लागली आणि मेल सांभाळणाऱ्या माणसाला वरून सांगण्यात आले की खालच्या लोकांचे सगळे बंद कर. त्याने केले. फाईल जोडणे बंद, बाहेरच्या पत्त्यावर पत्र बंद, सहकाऱ्यांच्या पत्त्यांची यादी बंद. कोणाला काही कळवले नाही. मुली-मुलांना वाटले संगणक बिघडला. दोन दिवस तक्रारी केल्यावर खुलासा झाला. ती मला म्हणाली, "मामा, कर्जदाराचा सातबारा मुख्य कचेरीला पाठवायचा कसा? मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायलेय मी. सगळेच पाठवायलेत. साहेबबी त्याच्यावरच मागवायलेत."

या एका वाक्यात बंदीचे सगळे फलित आले. ज्या कागदावर शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, आधार, कधी कधी सहीसुद्धा आहे, तो कागद संस्थेच्या टपालघरातून जाऊ नये म्हणून बंदी घातली आणि तो वीस जणांच्या खासगी मोबाईलमध्ये लग्नाच्या फोटोंशेजारी जाऊन बसला. मुलगी नोकरी सोडेल, मोबाईल विकेल, तो कागद कुठे जाईल हे देव जाणे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत आणि पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला अडीचशे कोटींपर्यंत दंडाची सोय त्यात आहे. तो दंड ठोठावण्याची वेळ आली तर संचालक मंडळ सांगेल, आम्ही तर सगळे बंद केले होते!

त्यापेक्षा जुने आणि सार्वत्रिक दुखणे म्हणजे खासगी पत्त्यावर चालणारा सार्वजनिक कारभार. आपल्या भागातल्या शाळांच्या, पतसंस्थांच्या, कितीतरी निमसरकारी कचेऱ्यांच्या लेटरहेडवर पाहा, पत्ता जीमेलचा असतो. तो कोणी उघडला? पाच-सात वर्षांपूर्वीच्या एका हुशार लिपिकाने, स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर. पासवर्ड हरवला तर नवा त्याच्याच मोबाईलवर येणार. तो बदलून गेला किंवा निवृत्त झाला की संस्थेचे टपालघर त्याच्या खिशात बसून गावी जाते. मग मुख्याध्यापक त्याला फोन करतात, "अहो, तेवढा ओटीपी सांगा ना." तो भला माणूस असतो म्हणून सांगतो.

केंद्र सरकारने याबाबत एक बरे धोरण केले होते, आणि बरे केले ते बरे म्हणायला हरकत नाही. २०१४ च्या ई-मेल धोरणात सरकारी अधिकाऱ्याला दोन पत्ते सुचवले होते, एक नावाचा आणि एक पदाचा. पदाचा पत्ता पदाबरोबर राहतो, पुढच्या माणसाच्या हाती जातो. सरकारी पेटीतले टपाल खासगी पेटीकडे वळवायला त्यात मनाई होती, आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवून ठेवायलाही. अलीकडे केंद्राच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांच्या पेट्या झोहो या देशी कंपनीच्या व्यवस्थेवर गेल्या. यंत्रे बदलली तरी ही तत्त्वे बदलण्याचे कारण नाही. सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घातली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला ती वाढवली. बँकेचा मेल बँकेच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्यावरून चालावा, खोट्या पत्त्यांना आळा घालणारी व्यवस्था असावी, आणि प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच प्रवेश, तोही गरजेच्या मुदतीपुरता असावा, असे ती सांगते. पुढे बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव नावाखाली न्यावीत असाही आदेश निघाला. नियमांची आपल्याकडे वाण नाही.

'कामापुरताच प्रवेश' यातला 'काम' हा शब्द मात्र आपण 'हुद्दा' असा वाचतो, आणि घोडे तिथेच पेंड खाते. मोठा साहेब म्हणून त्याला सगळे उघडे. त्याला सगळ्यांना एकदम पत्र धाडता येते, कोणत्याही आकाराची फाईल जोडता येते, घरच्या मोबाईलवर सगळे टपाल उतरवता येते, परदेशात मुलाकडे गेला तर तिथूनही पेटी उघडता येते. त्याला यातले काय लागते असे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नाही. खालच्या माणसाला काहीच नाही, कारण तो खालचा. आणि प्रत्यक्षात साहेबाचे टपाल वाचतो कोण? खालचाच माणूस! साहेबाच्या मेलचा पासवर्ड त्याच्या स्टेनोला, पीएला, कधी ड्रायव्हरलाही ठाऊक असतो. कधी तो टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला असतो. ज्या लिपिकाच्या स्वतःच्या पेटीला फाईल जोडायची मुभा नाही, तो साहेबाच्या पेटीतून दिवसभर फाईली जोडून धाडत असतो, आणि त्या साहेबाच्या नावाने जातात. स्ट्राँगरूमची किल्ली हेड कॅशियरने शिपायाच्या हाती दिली असती तर संध्याकाळपर्यंत त्याला निलंबनाचे पत्र मिळाले असते. पासवर्ड देणे मात्र आपल्याकडे विश्वासाची खूण समजली जाते.

श्रेणी कामावरून ठरवायच्या तर चित्र उलटेही निघेल. कर्जाचे कागद गोळा करणाऱ्या मुलीला फाईल जोडण्याची मुभा लागते, अध्यक्षांना बहुधा लागत नाही. सर्व सभासदांना सूचना धाडण्याचे काम सचिवाच्या एका लिपिकाचे; ते बटण त्याच्याकडे असावे, दहा संचालकांकडे नको. रोखपालाला बाहेरून येणारे टपाल जवळजवळ लागतच नाही. ज्याचे काम फिरतीचे त्याला मोबाईलवर पेटी द्यावी लागेल, ज्याचे टेबलावरचे त्याला नको. असे बसून लिहून काढायला दोन दुपारी पुरतात. हे करताना ज्याचे काम त्याला विचारावे लागते, आणि संस्थांना नेमके तेच जड जाते.

किल्लारीचा भूकंप झाला त्या १९९३ सालच्या ऑक्टोबरात काउंटरसमोर अशी माणसे उभी होती की ज्यांचे पासबुक, कागद, ओळख देणारे घर, सगळेच ढिगाऱ्याखाली गेले होते. नेहमीचे नियम लावले असते तर त्यांना त्यांचेच पैसे मिळाले नसते. नियम सैल करावे लागले. पण ते सैल केले तेही लेखी: कोणाची ओळख पुरे, किती रकमेपर्यंत, किती दिवस. सूट देणाऱ्याची सही त्याखाली होती. मेलपेटीतही असे प्रसंग येतात. मार्चअखेरीला, निवडणुकीच्या दिवसांत, लेखापरीक्षक येऊन बसला की एखाद्याला चार दिवस जादा मुभा लागते. ती जरूर द्यावी. ती परत घेण्याची तारीख मात्र देतानाच लिहावी, नाहीतर चार दिवसांची मुभा चार वर्षे राहते.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे संचालकांचे हमखास दुर्लक्ष होते. खिडकीतले बटण लपवणे आणि रस्ता बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेबमेलमध्ये आलेल्या फाईली उघडण्याची सोय काढून टाकली, आणि त्याच खात्याला मोबाईलवर टपाल उतरवून घेण्याचा रस्ता, ज्याला आयमॅप किंवा पॉप म्हणतात, तो उघडा ठेवला, तर फाईल मागच्या दाराने उतरते. तिला तिथून कुठेही पाठवता येते. बटण दिसत नाही म्हणून साहेब निर्धास्त. दर्शनी भिंतीला कुलूप आणि परसाला कुंपण नाही, अशी वाड्यांची रचना आपल्या गावांत पुष्कळ आहे. म्हणून काय बंद केले एवढे विचारून थांबू नये. तेच काम दुसऱ्या वाटेने होते का, हे कोणालातरी समोर बसवून करून पाहायला लावावे.

आता ज्याच्या हाती हे सगळे चौकोन आहेत त्याच्याकडे वळू. मोठ्या बँकेत त्याच्यासाठी विभाग असतो. आपल्या नांदेड-लातूरच्या मध्यम संस्थांत तो बहुधा कंत्राटदाराचा मुलगा असतो: पंचविशीचा, चटपटीत, तीन-चार संस्थांचे काम एकाच वेळी पाहणारा, पगार बेताचा. मला या मुलांबद्दल तक्रार नाही, उलट कौतुक आहे. रात्री अकराला सर्व्हर बंद पडला तर तोच धावतो. पण संस्थेतल्या प्रत्येकाच्या पेटीवर त्याची सत्ता अध्यक्षांहून मोठी असते, याची जाणीव अध्यक्षांना नसते. झिम्ब्राच्या व्यवस्थापकाला एखाद्याचे सारे टपाल दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची अशी सोय आहे की ती त्या पेटीच्या मालकाला दिसतच नाही. सोय उघडपणे दिलेली आहे, तिला कायदेशीर उपयोगही आहेत, चौकशीच्या वेळी ती लागते. प्रश्न असा की ती कोणाच्या लेखी आदेशाने लावली जाते आणि कोण काढतो?

पत्र कोणी उघडावे हा वाद आपल्या देशात क्षुल्लक मानला गेलेला नाही. १९८६ साली संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. सरकारला लोकांची पत्रे अडवण्याचे विस्तृत अधिकार त्यातून मिळणार होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. नुसते ठेवून दिले. विधेयक कायदा झालेच नाही. राजीव गांधींच्या सरकारशी त्यांचे बिनसलेले होते हे खरे, पण पत्राचा प्रश्न एवढा मोठा होऊ शकतो हे देशाला त्या वेळी दिसले. देशाच्या सरकारला जे सहज मिळू शकले नाही, ते तालुक्याच्या संस्थेत एका कंत्राटी मुलाला कोणताही ठराव न करता मिळालेले असते.

कर्मचाऱ्याने कचेरीच्या पेटीत खासगी पत्रव्यवहार करू नये, ती पेटी संस्थेची आहे, हे मला मान्य आहे. बँकेत आमच्या टेबलाचे खण तपासले जात, त्यात काही गैर नव्हते. पण खण तपासताना दुसरा अधिकारी हजर असे आणि तपासल्याची नोंद होई. सर्व्हरलाही ही दोन किल्ल्यांची रीत लावता येते. व्यवस्थापनाचा मुख्य पासवर्ड पाकिटात सीलबंद करून संस्थेच्या तिजोरीत असावा; रोजच्या कामाला त्या मुलाचे स्वतःच्या नावाचे, कमी अधिकारांचे खाते असावे; कोणती खूण कधी बदलली याची यंत्रातली नोंद दर महिन्याला एका अशा अधिकाऱ्याने पाहावी ज्याच्या हाती ती बदलण्याचा अधिकार नाही. आणि ज्याची सोय काढली त्याला दोन ओळींचे पत्र जावे: अमुक बंद केले आहे, अमुक कारणासाठी, अडचण आल्यास अमुक व्यक्तीशी बोलावे. यात पैसा लागत नाही. माझ्या भाचीच्या संस्थेत हे पत्र गेले असते तर पहिल्याच दिवशी कोणीतरी उठून विचारले असते की मग सातबारे पाठवायचे कसे, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा रस्ता पडण्याआधीच प्रश्न सुटला असता.

ठराव कोणी करायचा, तर संचालक मंडळाने. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. मंगल कार्यालयात खुर्च्या मांडलेल्या असतात, अहवाल वाचला जातो, लाभांश किती टक्के यावर दोन-तीन जण तावातावाने बोलतात, भेटवस्तूच्या डब्याच्या दर्जावरूनही आवाज चढतात. यंदा त्यानंतर एखाद्या सभासदाने उभे राहावे आणि विचारावे की आपल्या संस्थेच्या मेलचा मुख्य पासवर्ड या क्षणी कोणाकोणाला ठाऊक आहे, तो शेवटचा कधी बदलला, आणि कोणाच्या पेटीतले टपाल आपोआप बाहेर जाते याची यादी शेवटची कोणी पाहिली. उत्तर 'कळवतो' असे आले, तर कोणत्या तारखेपर्यंत कळवणार तेही विचारावे आणि ती तारीख सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी.